साळवेबाई, चतुर आणि टाचण्या

ऑगस्टमधल्या एका सकाळी मी ऑफिसला निघालो, तर पार्किंगमध्ये माझ्या काळ्या गाडीवर कुणीतरी गुलाबाच्या फुलांची डबलबेडची जुनी चादर पांघरून ठेवली होती. चारही टोकांना कपडे वाळत घालायचे चिमटे. वायपरखाली चिठ्ठी, आधी हिंदीत, मग इंग्रजीत आणि शेवटी, बहुधा स्वतःच्या समाधानासाठी, मराठीत : 'चादर काढू नये. काढल्यास होणाऱ्या हत्येस गाडीमालक जबाबदार. इं. साळवे, सी-४०२.'

मला गुरुग्राममध्ये येऊन तीन महिने झाले होते. पुण्याचा माणूस, चिठ्ठीला घाबरत नाही. मी चादर खेचली, तिचा बोळा केला आणि तो घेऊन तणतणत चौथ्या मजल्यावर गेलो. बेल वाजवायच्या आतच दार उघडलं. सत्तरीकडे झुकलेल्या, बुटक्या, सुती साडीखाली स्पोर्ट्स शूज घातलेल्या बाई समोर उभ्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या,

"गाडी काळी घेताना अक्कल कुठे ठेवली होती?"

"काकू, माझी गाडी..."

"काकू नाही. मी तुमच्या कुठल्या काकाची बायको? बाई म्हणायचं. काल तुमच्या बॉनेटवर चौदा बाळंतपणं झाली. चौदा! आणि चौदाच्या चौदा उन्हात भाजून मेली."

त्याचा अर्थ मला पुढच्या वीस मिनिटांत, दारातच उभं करून, सांगण्यात आला. चतुराची मादी पाण्यात अंडी घालते. पाणी ओळखायची तिची खूण म्हणजे चमक. गुरुग्रामात पाणी उरलेलं नाही, गाड्या मात्र घासूनपुसून लखलखीत. बिचारी मादी बॉनेटला तळं समजते आणि टपटप शेपूट आपटत तिथेच अंडी घालून जाते. काळ्या आणि लाल गाड्या सर्वांत वाईट. "पांढरी घेतली असतीत तर एवढा अनर्थ झाला नसता," बाई म्हणाल्या. "लहानपणी चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवलात ना?"

"हो," मी म्हणालो. खोटं बोलायचं सुचलं नाही.

"वाटलंच," म्हणून त्यांनी माझ्या हातातली चादर ओढून घेतली आणि दार लावलं. मी लिफ्टमध्ये शिरलो तेव्हा लक्षात आलं, की चिडून वर मी गेलो होतो आणि शिव्या खाऊन खाली मीच आलो होतो.

इंदुमती साळवे यांनी एकतीस वर्षं केंद्र सरकारच्या एका खात्यात नकाशे काढले होते. सगळी नोकरी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहून केली, मुलगीही तिथेच एकटीने वाढवली. नवऱ्याबद्दल त्या एकच वाक्य बोलत : "होता, गेला." निवृत्त झाल्यावर या सोसायटीत फ्लॅट घेतला. सरकारी खातं सुटलं, पण सवय सुटली नाही. लिफ्ट बंद आहे म्हटलं, तर "लिहून द्या." पाणी उशिरा येईल म्हटलं, तर "लिहून द्या." एकदा डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, की तुमचं ब्लडप्रेशर रागामुळे वाढतं. त्यांच्याकडूनही बाईंनी ते लेटरहेडवर लिहून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी तो कागद सोसायटीच्या ऑफिसात नेऊन दिला : "हे बघा, माझं ब्लडप्रेशर तुमच्यामुळे आहे. डॉक्टरची सही आहे."

चतुरांचं वेड मात्र दिल्लीचं नव्हतं, हॉलंडचं होतं. मुलीच्या बाळंतपणाला त्या तिथे गेल्या होत्या. मुलगी हळूहळू कामाला लागली, जावई दिवसभर ऑफिसात, शेजारीपाजारी बोलायला कुणी नाही. बाई बाबागाडी घेऊन घरामागच्या कालव्याच्या काठाने फिरत. तिथे नगरपालिकेने एक पाटी लावली होती, या पाण्यावर दिसणाऱ्या चतुरांची चित्रं आणि त्याखाली नावं. एक अक्षर कळत नव्हतं. पण नकाशे काढणारी बाई, चित्राशी नजर जुळवायला तिला भाषा कशाला लागते? त्यांनी रोज एकेक ओळखायला सुरुवात केली. कोपऱ्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मुलांचं एक सचित्र पुस्तक आणलं. चतुराला तिकडे 'लिबेल' म्हणतात आणि टाचणीला, म्हणजे त्याच्या नाजूक, सडपातळ बहिणीला, 'वॉटरयुफर', म्हणजे पाण्यातली कुमारिका, हे त्या एखाद्या मंत्र्याची ओळख सांगावी तसं सांगत.

"एक टाचणी असते बघा, नराच्या प्रत्येक पंखावर गडद निळा डाग. सरकारी कागदावर शिक्का मारल्यासारखा! चारही पंखांवर शिक्के, एकदम अटेस्टेड. तिला काय दिमाख, काय उडणं! फुलपाखरू झक मारतं. आणि तिथले लोक काय करतात? कालव्याचं गवत कापायचं तर अर्धंच कापतात. अर्धं हिच्यासाठी ठेवतात. एका टाचणीसाठी! आणि आपण?"

'आणि आपण' नंतर पाऊण तास जात असे.

जावयाशी काहीतरी बिनसलं आणि तीन महिन्यांसाठी गेलेल्या बाई दोन महिन्यांत परत आल्या. कशावरून, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. परत येऊन त्या सी टॉवरमागे कचऱ्याची तक्रार करायला गेल्या, तर तिथे बिल्डरने खणून सोडून दिलेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं होतं, कडेने पाणकणीस माजलं होतं आणि त्यावर चतुर बसला होता. बाईंनी त्या दिवशी कचऱ्याची तक्रार केली नाही. सोसायटीच्या इतिहासात तो दिवस नोंदवून ठेवण्यासारखा होता.

त्यानंतर रोज सकाळी सात ते नऊ, एका फोल्डिंग स्टुलावर, डोक्याला हॉलंडहून आणलेली टोपी, त्या तळ्याकाठी. हॉलंडचे शिक्केवाले इथे नव्हते. इथल्यांना त्यांनी स्वतःची नावं दिली होती. गटारावरही सुखाने राहणारा नारिंगी तो 'एल.डी.सी.', म्हणजे लोअर डिव्हिजन क्लार्क, कारण कसल्याही ऑफिसात तग धरतो. हिरव्या-काळ्या पट्ट्यांचा तो 'व्हिजिलन्सवाला', कारण तो आपल्याच खात्यातल्यांना खातो. माणसांनाही त्या याच हिशेबाने बघत. चतुर बसताना पंख पसरून बसतो, टाचणी मिटून घेते. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष बत्राजी मीटिंगमध्ये शेजारच्या दोन्ही खुर्च्यांच्या पाठीवर हात टाकून बसत. "तो चतुर. नावाचा नाही, बसण्याचा," त्या माझ्या कानात म्हणायच्या. "आणि सुर्वे, तू टाचणी. सगळं मिटून घेऊन बसतोस." एव्हाना मी 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो होतो.

ते खोटं नव्हतं. मी पंख मिटून बसलो म्हणूनच पुढचं सगळं घडलं, आणि आजही लिहिताना माझं डोकं तापतं ते बत्राजींवर कमी आणि माझ्यावर जास्त.

झालं असं. मी सोसायटीचा जॉइंट सेक्रेटरी झालो. कुणी तयार नव्हतं आणि मी त्या दिवशी गैरहजर होतो, एवढीच माझी पात्रता. मग सप्टेंबरात ए टॉवरमध्ये दोघांना डेंग्यू झाला. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आग लागली. डास कुठून येतात? तळ्यातून. खरं तर ए टॉवरच्या गच्चीवर सात फुटके कूलर पाणी भरून पडले होते. बाईंनी त्यांचे फोटो टाकले, प्रत्येक फोटोखाली फ्लॅट नंबर. सातही घरांनी ग्रुपवर बाईंना ब्लॉक करायची मागणी केली. तातडीची मीटिंग बोलावली गेली.

"तालाब भर देंगे," बत्राजी म्हणाले. "मच्छर भी खतम, विज़िटर पार्किंग भी मिल जाएगी. सिंपल!"

बाई उभ्या राहिल्या. त्यांनी काचेची बरणी आणली होती. तिच्यात तळ्यातलं पाणी आणि तळाशी मातकट रंगाचा, सहा पायांचा, अतिशय कुरूप असा एक किडा.

"ये देखिए. ये ड्रॅगनफ्लाय का बच्चा है. पानी में रहता है और मच्छर के बच्चे खाता है. दिनभर खाता है, मुफ्त में खाता है, छुट्टी नहीं लेता. आप में से कोई है ऐसा? तालाब भरोगे तो ये मरेगा. मच्छर नहीं मरेगा, मच्छर आपके कूलर में बैठा है!"

"आंटीजी, ये तो खुद कीड़ा है," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

मीही हसलो. मोठ्याने नाही, पण हसलो. बाईंनी तेवढ्या हसण्यातून माझंच बरोबर हेरलं. त्यांनी बरणीचं झाकण लावलं. "बिल्कुल ठीक है," त्या म्हणाल्या. "भरके दिखाओ. जेसीबी के सामने स्टूल लगाके बैठूँगी. और जो कहना है, लिखके दो!"

लिहून कुणीच काही दिलं नाही. मीटिंग संपल्यावर बत्राजींनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "सुर्वेजी, शनिवार को जेसीबी आ रही है. आपकी मराठी आंटी को आप संभालिए. कहीं घुमा लाइए यार, चार-पाँच घंटे."

मी नाही म्हणायला हवं होतं. तिथल्या तिथे, त्या पसरलेल्या हाताखालून बाहेर येऊन. मी म्हणालो, "देखता हूँ." आमच्या ऑफिसात 'देखता हूँ'चा अर्थ 'हो' असाच होतो. मी स्वतःची समजूतही घातली, की पाच तास उन्हात जेसीबीसमोर बसून सत्तरीच्या बाईला काही झालं तर? म्हणजे हे त्यांच्याच भल्याचं. नेभळट माणसाला कारणं फार चांगली सुचतात.

शुक्रवारी संध्याकाळी मी चारशेदोनची बेल वाजवली. "बाई, उद्या मला सरोजिनी नगरला जायचंय, मुलीला कपडे घ्यायचे आहेत. तुम्ही तिथे इतकी वर्षं राहिलात. चला ना, मला भाव करायला मदत होईल."

बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "किती वाजता?"

शनिवारी गाडीत बसल्यापासून त्या बोलत होत्या. हायवेवर त्यांनी तीन ट्रकवाल्यांना काच खाली करून सुनावलं. सरोजिनी नगरात आधी त्यांची क्वार्टर बघायला गेलो. क्वार्टर नव्हती. तिथे पत्र्याचं कुंपण होतं, आत क्रेन. त्यांनी पत्र्याच्या फटीतून आत बघितलं. "इथे एक शेवग्याचं झाड होतं. हरामखोरांनी तेही ठेवलं नाही," म्हणाल्या आणि पत्र्यावर एक लाथ मारली. आवाज इतका मोठा झाला की चौकीदार धावत आला. त्यालाच त्यांनी विचारलं, "झाड तोडायची परवानगी कुठाय? लिखके दिखाओ!" त्या भल्या माणसाने हात जोडले.

मग बाजार. कपड्यांच्या ढिगात बाई अशा शिरल्या, की दुकानदार मागे सरले. माझ्या मुलीसाठी दोन टॉप त्यांनी जवळजवळ हिसकावूनच घेतले. नंतर एका लहान मुलींच्या फ्रॉकच्या ढिगापाशी त्या थांबल्या. एक पिवळा फ्रॉक उचलला. शेजारी आईचा हात धरून उभ्या असलेल्या एका मुलीच्या पाठीला लावून बघितला. मग दुसरीच्या. आया चमकून बघायला लागल्या.

"केवढी झाली असेल रे आता नात?" त्या मला म्हणाल्या. "मी आले तेव्हा दोन महिन्यांची होती. पाच वर्षं झाली. तिकडची मुलं उंच असतात म्हणे."

"मुलीला विचारा ना बाई. फोन लावा."

"ती कामात असते," त्या फटकन म्हणाल्या. "आणि तिचा नवरा..." पुढचं त्यांनी गिळलं. त्यांनी पिवळा आणि त्याच्याहून एक माप मोठा, असे दोन फ्रॉक घेतले. नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. बत्राजींचा मेसेज होता : 'हो गया. थैंक्स भाई.' पुढे अंगठा.

नंतर त्यांनी मला भाजलेलं कणीस खायला घातलं. लिंबू-मीठ स्वतः चोळून दिलं, कारण भुट्टेवाल्याला ते येत नव्हतं. मी ते कणीस कसं संपवलं ते मला माहीत. आयुष्यात इतकं कडू काही खाल्लं नाही.

चार वाजता परत आलो. मला वाटलं होतं, निदान त्या आधी घरी जातील, हातपाय धुतील. त्या गाडीतून उतरल्या आणि पिशव्या हातात घेऊन सरळ सी टॉवरमागे गेल्या. मी मागे.

तळ्याच्या जागी पिवळी माती होती, वर जेसीबीच्या चाकांचे ठसे. पाणकणसं आडवी, अर्धी गाडलेली. फक्त भिंतीच्या कोपऱ्यात, जिथे जेसीबीचा हात पोचला नव्हता, तिथे चटईएवढं गढूळ पाणी उरलं होतं. त्याच्यावर दोन-तीन नारिंगी चतुर, ते एल.डी.सी., घिरट्या घालत होते. ते कुठेच बसत नव्हते.

मी त्यांच्या ओरडण्याची वाट बघत उभा राहिलो. मला खरंच वाटत होतं, त्यांनी ओरडावं. त्या ओरडल्या नाहीत. पिशव्या भिंतीला टेकवून ठेवल्या, साडीचा ओचा खोचला आणि बुटांसकट चिखलात उतरल्या.

"चाळणी आण," त्या म्हणाल्या. "पिठाची नको, मैद्याची आण, बारीक. आणि बादल्या. असतील तेवढ्या. पळ!"

मी पळालो. बायकोच्या स्वयंपाकघरातल्या दोन चाळण्या, तीन बादल्या, आंघोळीचा टब, सगळं घेऊन आलो आणि चांगल्या पॅंटसकट पाण्यात उतरलो. गुडघाभर चिखल. आम्ही दोघं चाळण बुडवत होतो, काढत होतो, त्यातले ते कुरूप, वळवळणारे किडे बोटांनी उचलून बादलीत सोडत होतो. "हळू! चिमटीत नको धरू, तळहातावर घे!" बाई खेकसत होत्या. "ही टाचणीची पोर आहे, शेपटीला तीन पिसं दिसतात ना, तिला वेगळ्या बादलीत. नाहीतर तो मोठा तिला खाईल. तुझ्यासारख्यांचीच जात आहे त्याची."

त्या दिवसातला तो पहिला टोमणा होता. मला बरं वाटलं.

तेवढ्यात बत्राजी आले. सोबत आणखी चारजण, फोनवर शूटिंग करत. "सुर्वेजी, ये क्या कर रहे हो? कमिटी मेंबर होके? कोना तो कल भर जाएगा."

मी आयुष्यात फार क्वचित ओरडलो आहे. त्या दिवशी ओरडलो, आणि तेही मराठीत. चिखलात उभा राहून, हातात मैद्याची चाळण धरून मी त्यांना सांगितलं, की तुमची ती कमिटी, तुमचं ते पार्किंग आणि तुमच्या गच्चीवरचे ते कूलर, सगळं घाला चुलीत. माझ्यासारख्या बुळ्याला तुम्ही एका म्हाताऱ्या बाईला फसवायला लावलंत, आणि मी फसवलं, लाज वाटते मला. त्यातलं बत्राजींना किती कळलं कोण जाणे. पण सूर कळला असावा. ते "पागल हो गए हैं दोनों" म्हणत निघून गेले. तो व्हिडिओ संध्याकाळी ग्रुपवर आला. मी तिथेच राजीनामा टाकून ग्रुप सोडला.

अर्थात त्याने काही झालं नाही. रविवारी तो कोपराही भरला. आज तिथे विटांच्या नक्षीचं व्हिजिटर पार्किंग आहे. गाड्या चांगल्या लखलखत उभ्या असतात. डेंग्यू त्या वर्षी आणखी सहा घरांत झाला. बत्राजींच्या घरातही. कूलरकडे अजून कुणी बघितलेलं नाही.

आम्ही वाचवलेली पोरं बाईंच्या बाल्कनीत टबांत राहिली. बरीच मेली. काहींनी एकमेकांना खाल्लं. पण थोडी जगली आणि टबात उभ्या केलेल्या काड्यांवर चढून, कात टाकून, पंख वाळवून उडून गेली. कुठे गेली, देव जाणे. या शहरात त्यांना जायला जागा कुठे आहे?

दहा-बारा दिवसांनी मी चारशेदोनला गेलो. चिखलात मी जे ओरडलो ते बत्राजींसाठी होतं. बाईंना मी स्वतः काही सांगितलं नव्हतं. त्या बाल्कनीत टबाशेजारी बसून भेंडी चिरत होत्या. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "बाई, त्या शनिवारी मी मुद्दाम तुम्हाला घेऊन गेलो. जेसीबी येणार हे मला माहीत होतं."

"मलाही माहीत होतं," त्या म्हणाल्या. सुरी थांबली नाही.

"कसं काय?" मी विचारलं.

"तू बेल वाजवलीस तेव्हाच कळलं. तुझ्या मुलीचे कपडे घ्यायला तुझी बायको जात नाही, तू एकटा जातोस? एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलीय मी. खोटं बोलणारा माणूस मला पायरीवर कळतो."

"मग आलात कशाला? तुम्ही तर जेसीबीसमोर बसणार होतात!"

त्यांनी तीन-चार भेंड्या चिरल्या. आता त्या खरोखरच संतापल्या होत्या, पण माझ्याकडे बघत नव्हत्या.

"सात वर्षं झाली मला इथे येऊन," त्या म्हणाल्या. "चला बाई, कुठेतरी जाऊन येऊ, असं या सात वर्षांत मला कुणी म्हणालं नव्हतं. म्हटलं, खोटं तर खोटं. रात्रभर स्वतःला सांगत होते, जायचं नाही, स्टूल घेऊन खाली बसायचं. सकाळी उठून साडीला इस्त्री केली. एका कणसापायी घात केला मी त्या मुक्या जिवांचा. तुझ्यावर काय चिडू? मला माझाच असा राग येतो ना सुर्वे, की वाटतं, दोन थोबाडीत द्याव्यात."

मी टबाच्या पलीकडे खाली बसलो. टबातल्या पाण्यावर उन्हाचा कवडसा हलत होता. मग म्हणालो, "सुलतानपूरला मोठं तळं आहे म्हणतात. शनिवारी जाऊ या?"

"या वेळी काय बुजवताय?"

"काही नाही. नुसतंच जाऊ."

त्यांनी एका भेंडीचा देठ इतक्या जोरात उडवला, की तो कठड्यावरून खाली गेला. "सहाला ये," त्या म्हणाल्या. "ऊन चढलं की टाचण्या दिसत नाहीत."

शनिवारी मी पावणेसहालाच वर गेलो. बाई टोपी घालून, दाराला कुलूप लावून लिफ्टसमोर स्टुलावर बसल्या होत्या. कधीपासून बसल्या होत्या, ते मी विचारलं नाही.